चेंबरखालची नाचणी

वेल्ह्याहून पासलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक वाडी आहे. तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. तिथे बिरू ढेबेविषयी विचारले, तर लोक आधी ‘करणीवाला’ म्हणतात आणि थोडे थांबून, मागाहून आठवल्यासारखे, ‘मिस्त्री’ म्हणतात. वास्तविक क्रम उलटा आहे. मिस्त्री तो वर्षानुवर्षे होता. करणीवाला एका सकाळीत झाला. त्या सकाळचे तीन वृत्तान्त आजही चालतात: एक खुद्द बिरूचा, एक त्याची बायको फुलाबाई हिचा आणि एक ट्रकमालक कोंडिबा यांच्या घराचा. तिघांचे जिथे जुळते तेवढेच पुढे निश्चित म्हणून मांडले आहे. जिथे जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

बिरू धनगरवाड्यातला. वाडीच्या वर, ओढा ओलांडून खडी चढण चढली की डोंगराच्या सोंडेवर थोडी घरे लागतात. म्हशी, शेरडे आणि पावसाळाभर न हलणारे धुके. त्याची आई सारजाबाई अजून तिथेच असते. दुधाच्या किटल्या खाली पोचवण्याचे काम पोरवयात बिरूकडे होते, आणि दूध न्यायला येणारा टेम्पो हे त्याने जवळून पाहिलेले पहिले यंत्र. दूध मोजून होईपर्यंत तो टेम्पोखाली उताणा पडून वर पाहत असे. एकदा टेम्पोवाल्याने गंमत म्हणून तसेच इंजिन चालू केले. काजळी तोंडावर उडाली, जमलेले लोक पोट धरून हसले. बिरू सांगतो की त्याला राग आला नाही, धूर कुठून निघतो तेवढे कळले. हे उत्तर फार नीटनेटके आहे. ते पुढे केव्हातरी तयार झाले असावे.

काम तो भोरला शिकला. ज्या गॅरेजात शिकला तिथला उस्ताद शिव्या देत नसे, पाना फेकून मारत असे. एकदा गाडीखाली शिरणाऱ्या उस्तादला बिरूने सांगितले की जॅक तिरपा बसलाय. शिकाऊ पोराने चूक दाखवली म्हणून पाना आला तो थेट उजव्या कानावर. त्या कानाने बिरूला आजही नीट ऐकू येत नाही; बोलणाऱ्याकडे तो डावा गाल करून बसतो. त्यानंतर काही महिन्यांनी जॅक पुन्हा तिरपा बसला. या वेळी बिरू बोलला नाही. गिअरबॉक्स उस्तादच्या पंजावर उतरला.

“बोललं की मार,” बिरू सांगतो, “न्हाई बोललं की बढती. दोन धड हात असलेला मिस्त्री मंग गॅरेजात म्याच राहिलो न्हवं?”

हे सांगताना त्याच्या आवाजात पश्चात्ताप नसतो आणि बढाईही नसते. एखाद्या बोल्टचे माप सांगावे तसे तो सांगतो.

लग्न झाल्यावर तो वाडीला परतला आणि कोंडिबांच्या घरापुढच्या, रस्त्यालगतच्या पट्टीवर पत्र्याची शेड टाकून बसला. कोंडिबा हे वाडीतले मोठे शेतकरी. भाताची खाचरे, ही मोकळी पट्टी आणि एक जुना ट्रक अशी त्यांची मालमत्ता होती. जागेचे भाडे ते घेत नसत; त्याबदली बिरूने ट्रक चालता ठेवायचा, असा तोंडी करार होता. शेडच्या मागच्या भिंतीला लागून बिरू आणि फुलाबाई यांची एक खोली. दोघांची सारी दुनिया एवढीच होती, आणि ती दुसऱ्याच्या जमिनीवर उभी होती.

ट्रक कोंडिबांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणलेला. पेट्रोलवर चालणारा, चारही चाकांना जोर असणारा. धनगरवाड्याच्या चढणीला दुसरी कोणतीही गाडी लागत नसे. एका उन्हाळ्यात त्याच्या इंजिनाचे हेड फुटले. त्या इंजिनाचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही. नेमक्या त्याच वेळी धनगरवाड्यावर पाण्याची टाकी मंजूर झाली आणि सिमेंट, वाळू, लोखंड वर चढवण्याचे काम कोंडिबांना मिळाले. पाऊस लागायच्या आत माल वर जायला हवा होता.

कोंडिबांचा मुलगा सार्थक ट्रक चालवत असे. त्याने भंगारवाल्याकडून एक डिझेल इंजिन आणले. ते वरंधा घाटात दरीत गेलेल्या एका टेम्पोचे होते. टेम्पोचा ड्रायव्हर जागीच गेला होता, इंजिनाला ओरखडाही नव्हता. असे इंजिन बदलायला परिवहन खात्याची परवानगी लागते. ती घेतली होती का, या एका प्रश्नावर तिन्ही बाजू सारख्याच गप्प बसतात.

इंजिन अंगणात उतरले तेव्हा कोंडिबांच्या आई बाळाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“मेलेल्या मानसाचं काळीज आनलंस व्हय रं घरात?”

“आजे, लोखंड हाय ते,” सार्थक म्हणाला.

“लोखंडच हाय. मानूस गेला आन ते ऱ्हायलं, ते का ऱ्हायलं?”

बाळाबाईंनी मग नियम घातला: देवाला दाखवल्याशिवाय या गाडीत चिपटंभर ओझे पडायचे नाही. त्या घरात हा नियम जुनाच होता. गाडी नवी असो की इंजिन नवे असो, ती आधी मोकळी भैरवनाथाच्या देवळापुढे उभी राहायची, नारळ फुटायचा आणि मगच पहिला माल चढायचा. मेलेल्याच्या इंजिनाच्या बाबतीत म्हातारी तसूभरही हलणार नव्हती.

कोंडिबांनी स्वतःची अट बिरूला शेडपुढे, रस्त्यावरच्या लोकांदेखत सांगितली.

“बिऱ्या, ट्रक उभा कर. माल घिऊन वाड्यावर चढला, की ही जागा तुजी. म्या मेल्यावर बी तुला कुनी उठवनार न्हाई. आन न्हाई चढला, तर पत्रं सोडव. सार्थकला हितं हाटेल टाकायचंय. तोरन्याला येनारी समदी पोरं ह्याच रस्त्यानं जात्यात.”

“चढंल आण्णा,” बिरू म्हणाला.

“तू मेंढरागत मान हलवू नको. बघून सांग.”

“बघूनच सांगतोय. इंजन चांगलं हाय. जागा न्हाई, ती करावी लागंल.”

जागा करणे, हेच सारे काम होते. डिझेल इंजिन जुन्या इंजिनापेक्षा आखूड, पण उंच आणि जड होते. जुन्या गिअरबॉक्सशी ते जुळेना, म्हणून मध्ये एक जाड प्लेट घालावी लागली. प्लेटमुळे इंजिन पुढे सरकले आणि त्याचा पंखा रेडिएटरला घासू लागला. बिरूने रेडिएटरची बैठक कापून ती पुढे नेली, लोखंडी पंखा काढून टाकला आणि एका मोडक्या मोटारीचा विजेवर चालणारा पंखा रेडिएटरच्या पुढच्या अंगाला बसवला. मग धुराचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला टेकला. पुठ्ठ्याचे साचे कापून, दहा वेळा लावून आणि काढून, त्याने पाइपाला नवे वळण दिले. एक अडचण सोडवली की तिची जागा दुसरी घेत असे. सार्थक रोज मोबाईल हातात घेऊन बघायला येई.

शेवटी बॉनेट मिटेना. बिरूने ते मधोमध कापले आणि वर पत्र्याचा उंचवटा जोडला. उंचवटा गरजेपेक्षा बराच मोठा होता.

“मिस्त्री, ट्रकला वशिंड आलं की!” सार्थक म्हणाला. “बेंदराला शिंगं बी बसवू का?”

“बसव. तुज्या डोक्यापरास मोकळी जागा हाय त्यात.”

शेडपुढे बसलेले सगळे हसले. सार्थकही हसला, पण तेवढेच. बिरूच्या जिभेला धार होती आणि ती कुणापुढे म्यान करावी हे त्याला कधी कळले नाही. उंचवटा मोठा का ठेवला, हे त्याने कुणाला सांगितले नाही. पुढे इंजिन आणखी वर उचलावे लागले तर बॉनेट आड येऊ नये, हे त्याचे कारण होते. ते उचलावे लागेल अशी शंका त्याला आधीपासून होती.

शंकेचे मूळ खाली होते. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते. मिस्त्री लोक तिला चेंबर म्हणतात. या इंजिनाचे चेंबर पुढच्या बाजूला खोल होते आणि नेमके त्याच्या खाली ट्रकच्या पुढच्या आसाचा लोखंडी गोळा येत होता. मोकळी गाडी, सपाट जमीन: मध्ये चार बोटे जागा. पण ही गाडी सपाट जमिनीवर राबणार नव्हती. धनगरवाड्याच्या वाटेवर चढणीच्या आधी ओढा आहे. ओढ्यात उतरताना भरल्या ट्रकचे वजन पुढच्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर, येते, पाटे दबतात आणि आस वर उठतो. तेव्हा त्या चार बोटांतले किती उरेल, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर गाडीत वजन टाकूनच मिळणार होते आणि वजन टाकायला बंदी होती.

बिरूने दुसरा उपाय काढला. फुलाबाईला त्याने नाचणीच्या पिठाची उकड काढायला सांगितली.

“खायाला पुरंना आन तुमी लोखंडाला चारा,” ती म्हणाली.

“लोखंडाचं दात तुज्या भाकरीला पुरं पडतील. मानसाचं न्हाई पडत.”

गव्हाची कणीक दाबली की पुन्हा फुगते. नाचणीची उकड जेवढी दाबाल तेवढीच राहते. फुलाबाईने घट्ट गोळे मळून दिले. बिरूने ते आसावर, चेंबरच्या बरोबर खाली, ओळीने चिकटवले. चेंबरच्या तळाला त्याने तेलात कालवलेला शेंदूर फासला. ही जुन्या मिस्त्रींची रीत आहे: दोन भाग टेकतात की नाही आणि कुठे टेकतात, ते शेंदराच्या ठशावरून कळते. मग त्याने सार्थकला आणि त्याच्या मित्रांना पुढच्या बंपरवर चढून उड्या मारायला सांगितले. त्यांनी हौसेने मारल्या.

“इंजनाला न्ह्यारी घातली व्हय मिस्त्री?” सार्थकने खाली वाकून पाहिले.

“व्हय. जेवल्यावर ढेकर देतंय का बघायचंय.”

“आन ते लाल?”

“शेंदूर. टेकलं की लागतं.”

हा संवाद येथे जसाच्या तसा नोंदवला आहे, कारण तो तिघांकडूनही सारखाच ऐकायला मिळतो, सार्थककडूनही.

अंधार पडत आला होता. बॅटरीच्या उजेडात बिरूला दिसले की गोळे पार चपटे झाले आहेत आणि मधल्या गोळ्यावर शेंदराचा ठसा आहे. ओली उकड काढायला गेले तर मोडते. रात्रभर वाळू दिली, तर वडीसारखी अखंड निघते आणि तिची जाडी मोजता येते. म्हणून त्याने गोळे तिथेच ठेवले. तरीही अंदाजाने त्याने लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या कापून, कानस मारून ठेवल्या. इंजिन ज्या फौंडेशनवर बसते त्याखाली त्या सरकवल्या की इंजिन वर उठणार होते. वर जागा होती. वशिंड त्यासाठीच होते. काम एका दुपारचे होते. पट्ट्या त्याने फडक्यात गुंडाळल्या आणि सकाळी गोळे मोजून कोंडिबांना सांगू, असे ठरवून तो झोपला.

त्याची चूक एवढीच होती. मिस्त्री म्हणून ती चूक नव्हती.

सकाळी ट्रक देवाला न्यायचा म्हणून सार्थक तो शेडमधून अंगणात घेऊन गेला आणि धुवायला लागला. पाण्याचा पाइप घेऊन तो खाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर नाचणीचा एक वाळलेला गोळा होता. काळपट, चपटा, मधोमध शेंदराचा डाग. त्या मुलखात पिठाचा गोळा आणि शेंदूर एकत्र केवळ दोन ठिकाणी असतात: उताऱ्यात आणि करणीत. गोळा चपटा असो की वाटोळा, मेलेल्या माणसाच्या इंजिनाखाली तो पिंडासारखाच दिसणार होता.

“आजे,” सार्थक म्हणाला, “हे बघ काय निघालं इंजनाखाली.”

बाळाबाई खाली बसल्या. या एका बाबतीत कोंडिबांच्या घराचा वृत्तान्त मला पूर्ण विश्वासार्ह वाटतो: म्हातारीची भीती खरी होती. सार्थकला मात्र नंतर विचारले की आदल्या संध्याकाळी तूच बंपरवर उड्या मारल्यास, तूच विचारलेस, मग बोलला का नाहीस, तेव्हा तो मोकळेपणाने हसला.

“व्हय, म्हाईत व्हतं की. पन मला कुटं कुनी इचारलं?”

बिरूला बोलावले. फुलाबाईही मागोमाग आली. अंगणात माणसे जमली होती आणि गोळा तुळशीपुढच्या फरशीवर ठेवला होता; हातात धरायला कुणी तयार नव्हते.

“ह्यो कुनाचा?” कोंडिबांनी विचारले.

“माजा,” बिरू म्हणाला. “माप घ्यायला लावला व्हता.”

“पिठानं माप घेत्यात?”

“घेत्यात. चेंबर खाली किती—”

“आन शेंदूर? शेंदरानं बी माप घेत्यात?”

“आण्णा, टेकलं का ते दिसाया—”

“भाड्याबिगर जागा दिली,” बाळाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “आन आमच्याच गाडीखाली पिंड घातलं. माज्या नातवाला चालवायची हाय ती गाडी. माज्या नातवाला!”

इथे वृत्तान्त फुटतात. बिरू सांगतो की त्याने त्याच वेळी गोळा उचलून सगळ्यांना दाखवला: हे बघा, कागदासारखा झालाय, नुसत्या उड्यांनी एवढा दबलाय, माल घातला तर चेंबर फुटेल, मला दुपारपर्यंत वेळ द्या. कोंडिबांचे घर सांगते की असे काही तो बोलला नाही. फुलाबाईला आठवत नाही. ती म्हणते, तिचे लक्ष गोळ्याकडे होते, कारण तिला पुढचे कळले होते. मला वाटते बिरू काहीतरी बोलला असावा आणि ते कुणाला ऐकू गेले नसावे. पुरावा कशालाच नाही.

पुढचे मात्र सर्वांना मान्य आहे.

“करनी न्हाई म्हनतोस?” कोंडिबा म्हणाले. “पीठच हाय? मंग खाऊन दाव.”

“त्यानं न्हाई,” बाळाबाई म्हणाल्या. “ज्या हातानं मळलं त्या हातानं खावं. तवाच उतरतंय ते.”

फुलाबाईने नवऱ्याकडे पाहिले.

शेंदूर पोटात गेला तर काय होते, हे बिरूला ठाऊक होते. भोरच्या उस्तादने पहिल्याच दिवशी बजावले होते की शेंदूर लागलेल्या हाताने जेवायचे नाही, ते शिसे असते, आतडी पिळून काढते. पण ‘खाऊ नको, विष आहे’ असे त्या अंगणात म्हणणे म्हणजे करणी कबूल करणे होते. गोळा स्वतः उचलून तोंडात घालणे एवढीच एक वाट उरली होती. म्हातारीने नको म्हटले असते, पण कुणी त्याचा हात धरला नसता.

“खा,” बिरू बायकोला म्हणाला. “गप खा. पीठच हाय.”

तिने खाल्ला. वाळलेली उकड दाताने तुटेना, तेव्हा सार्थकने गाडी धुवायचा पाइप तिच्यापुढे केला आणि म्हणाला, “पानी लावून खा वयनी, मऊ पडंल.” कुणीतरी हसले. शेंदूर ओठांवर, हनुवटीवर उतरला. “मळवट भरला,” मागून आवाज आला आणि आणखी काही जण हसले. गोळा संपेपर्यंत अंगणातून कुणी हलले नाही. संपल्यावर बाळाबाईंनी स्वतः उठून तिच्या पायावर पाणी घातले, कारण उतरवलेल्या माणसाला तसेच जाऊ देऊ नये अशी रीत आहे.

नंतर आसावरचे उरलेले गोळे सार्थकने पाण्याच्या जोरावर धुऊन काढले. ट्रक मोकळा देवळापुढे गेला. रस्ता सपाट होता, इंजिनाने एकही कुरकुर केली नाही. नारळ फुटला, पुढच्या काचेवर गुलाल पडला. परत आल्यावर पहिला माल म्हणून सिमेंटच्या गोण्या चढू लागल्या. हौद भरत आला तेव्हा कोंडिबांनी बिरूला शेडमधून पुन्हा बोलावले. ते सावध गृहस्थ होते.

“आता समद्यांदेखत सांग. चालंल का न्हाई?”

फडक्यात गुंडाळलेल्या पट्ट्या शेडमध्ये, फळीवर होत्या. खोलीच्या मागे फुलाबाई ओकत होती आणि तो आवाज अंगणापर्यंत येत होता. बिरूने डावा गाल कोंडिबांकडे केला, प्रश्न नीट ऐकून घेतला.

“चालंल.”

“गोन्या जास्त हुत्यात का?”

“न्हाई. घाला. अजून घाला.”

यावर तिन्ही वृत्तान्त अक्षरशः एक आहेत.

ट्रक गेल्यावर बिरू खोलीच्या मागे आला. फुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिला पाणी दिले नाही. तो उभा राहिला, मान कलती करून, धड कान डोंगराकडे लावून. उस्ताद इंजिन ऐकायला उभा राहत असे तसा, असे फुलाबाई म्हणते. तिने उस्ताद कधी पाहिला नव्हता, म्हणजे ही उपमा बिरूनेच तिला केव्हातरी दिलेली असणार.

“वळन घेतलं,” तो म्हणाला. मग, “आता वढा.”

तिलाही ऐकू आले. दुरून, घंटेवर एकदाच टोला पडावा तसा आवाज. सार्थकला तो दगड लागल्यासारखा वाटला असावा, कारण तो थांबला नाही. इंजिनाचा आवाज चढणीला लागला, वाढत गेला. मागे ओढ्याच्या पाण्यावर तेल पसरत होते, ते पुढे दोन दिवस धनगरवाड्याच्या म्हशींनी पाणी हुंगून सोडले तेव्हा वरच्या लोकांना कळले. चढणीच्या मध्यावर इंजिन आधी किरकिरले, मग कण्हल्यासारखे झाले आणि मग जाम होऊन एकाएकी थांबले.

“झालं,” बिरू म्हणाला.

फुलाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याला ठाऊक होते, हे तिला तेव्हा कळले. तो सांगू शकत होता हेही कळले. तिने खाल्ले ते कशासाठी, याचा हिशेब मात्र तिला लागला नाही.

ट्रक उलटा घसरत ओढ्यात आला आणि एका खडकाला अडून आडवा झाला. सार्थकने आधीच उडी टाकली होती. कोपर फुटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. गोण्या फुटून सिमेंट ओढ्यात गेले आणि तिथेच दगड होऊन बसले. टाकी त्या वर्षी झाली नाही. सारजाबाई आणि वरच्या बायका अजून त्याच ओढ्यातून, त्या सिमेंटच्या ढेकळांवर पाय देऊन, पाणी नेतात.

बिरूला कुणी हात लावला नाही. वाडीचे लोक आले ते पाने घेऊन आले आणि शेडचे पत्रे सोडवू लागले. तेव्हा बिरू बोलला. चेंबर, आस, चार बोटे, ओढ्यातला उतार, पट्ट्या, सारे त्याने सांगितले. फडके सोडून पट्ट्या दाखवल्या. तो पहिल्यांदाच इतके सविस्तर आणि इतक्या मोठ्याने बोलत होता. कोंडिबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हंजी तुला म्हाईत व्हतं.”

“व्हय.”

“मंग म्या इचारलं तवा का न्हाई बोललास?”

बिरूने पट्ट्या तिथेच खाली ठेवल्या.

“करनी म्हनत्यात ती हीच,” बाळाबाई म्हणाल्या, आणि या वाक्याला तर्काने उत्तर देणे मला आजही कठीण वाटते.

पोलिसांत कुणीच गेले नाही. फुलाबाईच्या पोटाचे दुखणे महिनाभर टिकले. तिने ते सरकारी दवाखान्यात ‘काहीतरी बाधलं’ म्हणून सांगितले. बिरू तिला घेऊन भोरला गेला. तिथे आता तो दुसऱ्याच्या गॅरेजात सुटे भाग डिझेलमध्ये धुतो. इंजिनाला हात लावायला त्याला कुणी देत नाही, कारण वेल्ह्याकडची गिऱ्हाइके नाव ओळखतात. गॅरेजवाल्याने एकदा गमतीने त्याच्यापुढे पिठाचा गोळा ठेवला होता. बिरूने तो उचलून चहात बुडवला आणि खाल्ला, असे सांगतात. बिरू म्हणतो, तसे काही झाले नाही.

फुलाबाई त्याच्याबरोबर सहा महिनेसुद्धा राहिली नाही. ती वाडीला परत आली आणि ज्या जागेवर तिची खोली होती, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या सार्थकच्या हॉटेलात भाकरी थापायला लागली. तोरणा चढून आलेल्या पोरांना नाचणीची भाकरी फार आवडते. तिच्यामुळे हॉटेल चालते, हे सार्थक नाकारत नाही.

“वयनीच्या हातचं आमी जपून खातो,” तो गिऱ्हाइकांना डोळा मारून सांगतो. “आधी तिला खाया लावतो.”

ती हसत नाही, पण थांबतही नाही. इथे का राहता, असे विचारल्यावर तिने आधी तवा उलथला, मग उत्तर दिले.

“ह्या घरानं खाया लावलं. ही मानसं कशी हायती ते मला आधीच ठावं व्हतं. त्यांच्याकडं भाकरी थापाया काय जातंय?”

“आणि बिरू?”

“त्यांचं मला ठावं न्हवतं.”

हॉटेलात रस्त्याच्या बाजूला एक लाकडी बाक आहे. त्याच्या दोन पायांखाली लोखंडाच्या जाड पट्ट्या सरकवलेल्या आहेत. कडा कानस मारून गुळगुळीत केलेल्या. त्या कुठल्या, हे विचारावे लागले नाही. नजर तिकडे गेलेली पाहून फुलाबाईनेच सांगितले.

“बाक डुगडुगत व्हता. म्या घातल्या.” पिठाचा हात तिने बाकावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबून पाहिला. बाक हलला नाही. “बराबर बसल्या,” ती म्हणाली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.